सर्व्हर-स्वयंचलनातील ‘फाइल सापडत नाही’ हा दोष : कारणे व निदान

एकाच प्रशासकाला शेकडो सर्व्हर सांभाळावयाचे असतील, तर प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे जाऊन आज्ञा देणे त्याला शक्य नसते. या गरजेतून जी स्वयंचलन-साधने निर्माण झाली, त्यांपैकी २०१२ साली प्रथम प्रसिद्ध झालेले व २०१५ साली रेड हॅट कंपनीकडे गेलेले ‘अॅन्सिबल’ हे साधन विशेष प्रचारात आहे. ते वापरताना ‘अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ असा संदेश कित्येकदा येतो, आणि त्यात जिचे नाव असते ती फाइल वापरणाऱ्याने स्वतः कधी निर्माण केलेलीच नसते. अशा वेळी दोष कोठे शोधावयाचा, हे साधनाची कार्यपद्धती समजल्यावाचून उमगत नाही.

अॅन्सिबलसाठी लिनक्सच्या दूरस्थ यंत्रावर कोणताही कायमचा कार्यक्रम बसवावा लागत नाही. सामान्यतः एसएसएच व पायथन एवढे पुरते. प्रत्येक कामासाठी ते दूरच्या यंत्रावर, प्रवेश केलेल्या व्यक्तीच्या होम डिरेक्टरीत, एक तात्पुरती डिरेक्टरी निर्माण करते. तिच्या नावात वेळ व यादृच्छिक अंक असतात आणि ती केवळ मालकालाच उघडता येते. त्यानंतर कामाचे मॉड्यूल व त्याला द्यावयाची माहिती एका पायथन फाइलीत बांधून ती तेथे पाठविली जाते, चालविली जाते आणि शेवटी पुसून टाकली जाते. निर्मिती, प्रेषण, अंमलबजावणी व विसर्जन अशा या चार पायऱ्या होत. एका पायरीने जे गृहीत धरले ते पुढच्या पायरीला खरे न ठरल्यास प्रस्तुत दोष उद्भवतो.

लिनक्समध्ये या संदेशाचा दोष-क्रमांक २ आहे. त्याचा अर्थ एवढाच की, विचारणा करणाऱ्या प्रक्रियेला त्या क्षणी त्या मार्गावर ते नाव आढळले नाही. परवानगी नाकारल्याचा दोष क्रमांक १३ चा असून तो निराळा आहे. म्हणून संदेश अक्षरशः वाचणे ही निदानाची पहिली पायरी होय. त्यापुढे चार शक्यता तपासाव्या लागतात.

पहिली शक्यता, फाइल निर्माणच झाली नाही. डिस्क भरलेली असते, जागा असूनही आयनोड संपलेले असतात, किंवा ज्या खात्याने प्रवेश केला त्याला होम डिरेक्टरीच नसते. मूळ कारण बहुधा आधीच्या ओळीत नोंदलेले असते. शेवटची ओळ केवळ त्याचा परिणाम सांगते.

दुसरी शक्यता, फाइल झाली, परंतु अन्यत्र. फाइल एसएफटीपीने जाते व आज्ञा शेलमध्ये चालते. एसएफटीपीचे मूळ एखाद्या मर्यादित डिरेक्टरीत बांधलेले असल्यास एकाच मार्गाचे दोन ठिकाणी दोन अर्थ होतात. अशा वेळी प्रेषणाची पद्धत बदलणे हाच उपाय ठरतो. तसेच सिस्टिमडी एखाद्या सेवेला स्वतःची खासगी ‘टीएमपी’ डिरेक्टरी देऊ शकते. तसे असल्यास सार्वजनिक ‘टीएमपी’त ठेवलेली फाइल त्या सेवेला दिसत नाही.

तिसरी शक्यता, फाइल होती, पण वापरापूर्वी गेली. सिस्टिमडीच्या मूळ मांडणीनुसार ‘टीएमपी’तील १० दिवस व ‘व्हार-टीएमपी’तील ३० दिवस न वापरलेल्या फायली आपोआप काढल्या जातात. कित्येक यंत्रांत ‘टीएमपी’ स्मृतीत असते व यंत्र पुन्हा सुरू होताच रिकामी होते. दोन कामांच्या मध्ये यंत्र पुन्हा सुरू करावयाचे असेल, तर पहिल्या कामाची फाइल अशा ठिकाणी ठेवणे सदोष होय.

चौथी शक्यता सर्वांत फसवी आहे : फाइल जागेवर असते, हरवलेले असते ते दुसरेच काही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ज्या कार्यक्रमाचे नाव असते तो यंत्रावर नसल्यास हाच दोष येतो. स्क्रिप्ट विंडोजवर लिहिलेली असली, की ओळीच्या शेवटचे अदृश्य चिन्ह त्या नावाला चिकटते व नाव चुकीचे ठरते.

या शक्यतांतून निवड करण्यासाठी आज्ञेला ‘व्ही’ हे अक्षर तीनदा जोडून तपशीलवार नोंद घ्यावी आणि दूरस्थ फायली राखून ठेवण्याची मांडणी तात्पुरती चालू करावी. नंतर त्याच खात्याने त्या यंत्रावर जाऊन फाइल प्रत्यक्ष पाहावी. तपासणी संपताच मांडणी पूर्ववत करून राखलेल्या फायली पुसाव्यात.

ही अखेरची सूचना गौण नव्हे. त्या फायलींत मॉड्यूलला दिलेली माहिती, प्रसंगी पासवर्डही, असू शकते. एका सामान्य खात्याने प्रवेश करून दुसऱ्या सामान्य खात्याच्या नावे काम करावयाचे असते, तेव्हा पहिल्याची बंद डिरेक्टरी दुसऱ्याला उघडत नाही. अॅन्सिबल प्रथम एसीएलद्वारा नेमकी परवानगी देण्याचा प्रयत्न करते. ती सोय यंत्रावर नसल्यास, व अन्य मार्गही खुंटल्यास, काम थांबते. तात्पुरत्या फायली सर्वांना वाचता येतील अशी मांडणी केल्यास दोष तत्काळ नाहीसा होतो खरा. परंतु त्या यंत्रावरील प्रत्येक खात्याला ती गुप्त माहिती वाचावयास मोकळी होते. त्याऐवजी एसीएलचे पॅकेज बसवावे, अथवा मॉड्यूल फाइलीवाटे न देता थेट पायथनकडे पोहोचविणारी ‘पाइपलायनिंग’ पद्धत स्वीकारावी. फायलींची नक्कल करणाऱ्या कामांना मात्र तिने तात्पुरत्या फाइलीवाचून सुटका मिळत नाही.

सारांश, संदेश नाहीसा झाला म्हणजे दोष दूर झाला असे नव्हे. फाइल झालीच नाही, अन्यत्र झाली, पुसली गेली, की आहे तेथेच आहे, याचा निर्णय झाल्यावरच उपाय योजणे युक्त होय.