जैव रेणू

जैव रेणू : सजीवांच्या कोशिकांचे (पेशींचे) घटक असलेले कार्बनी रेणू. कोशिकेच्या वजनाचा सु. ७०% भाग पाणी असते. उरलेल्या भागात कार्बोहायड्रेटे, लिपिडे, प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले हे चार वर्ग प्रमुख होत. ते मुख्यत्वे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस व गंधक या मूलद्रव्यांचे बनलेले असतात.

कार्बोहायड्रेटे : ही साध्या शर्करांपासून बनतात. शेंद्रा (जि. छत्रपती संभाजीनगर) परिसरात पिकणाऱ्या ज्वारीतील स्टार्च व कापसाच्या तंतूतील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजाची बहुवारिके होत, परंतु पहिल्यात ग्लुकोज घटक आल्फा बंधांनी व दुसऱ्यात बीटा बंधांनी जोडलेले असतात. मानवी एंझाइमे स्टार्चमधील आल्फा बंध तोडू शकतात, परंतु सेल्युलोजातील बीटा बंध तोडू शकत नसल्याने ज्वारी पचते, कापूस पचत नाही.

लिपिडे : ही पाण्यात विरघळत नाहीत. करडईच्या तेलातील वसाम्लांत लिनोलीइक अम्लाचे प्रमाण सर्वाधिक असते. फॉस्फोलिपिडांच्या दुहेरी थरापासून कोशिका-पटल बनते.

प्रथिने : वीस प्रकारची ॲमिनो अम्ले पेप्टाइड बंधांनी जोडली जाऊन प्रथिनांच्या साखळ्या तयार होतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असते, तर तुरीच्या डाळीत ते विपुल असते. म्हणून भाकरी व वरण ही परस्परपूरक ठरतात. बहुतेक एंझाइमे प्रथिनेच असतात.

न्यूक्लिइक अम्ले : डीएनए व आरएनए ही शर्करा, फॉस्फेट व नायट्रोजनयुक्त क्षारक यांची बनलेली असतात. डीएनएची दुहेरी सर्पिल संरचना जे. डी. वॉटसन व एफ्. एच्. सी. क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. क्षारकांच्या क्रमावरून प्रथिनातील ॲमिनो अम्लांचा क्रम ठरतो.

परस्परसंबंध : या चारही वर्गांचा संबंध ‘बॉम्बे रक्तगटा’त स्पष्ट दिसतो. वाय्. एम्. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत या रक्तगटाचा शोध लावला. तांबड्या कोशिकांच्या पटलावरील लिपिडांना व प्रथिनांना शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. साखळीच्या टोकाजवळ फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली म्हणजे ‘एच’ प्रतिजन तयार होतो व त्यावरच ‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजन रचले जातात. फ्यूकोज जोडणाऱ्या एंझाइमाच्या जनुकात दोष असल्यास या कोशिकांवर तिन्ही प्रतिजन निर्माण होत नाहीत. अशा व्यक्तीचा गट नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ भासतो. परंतु तिच्या रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असल्याने ‘ओ’ गटाचे रक्तही तिला घातक ठरते. म्हणून तिला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते. भारतात सु. १०,००० व्यक्तींत एक या गटाची असते, असा अंदाज आहे. रक्ताधानापूर्वी रुग्णाच्या रक्तद्रवाची ‘ओ’ कोशिकांशी चाचणी घेतल्यास हा धोका वेळीच लक्षात येतो.