अर्धा काळा फोटो

१९९३ सालची गोष्ट. धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मीच काढणार, असं मी हट्टानं जाहीर केलं होतं. कॅमेरा माझा, फ्लॅश मित्राकडून मागून आणलेला. रोल धुऊन आले आणि कन्यादानाचा फोटो पाहून पोटात गोळा आला. आई लख्ख, आणि बाबांच्या जागी नुसता काळा पट्टा!

चूक साधीच. अशा कॅमेऱ्यात शटरचे दोन पडदे असतात. फ्लॅश चमकतो जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. त्या क्षणी सगळी फिल्म उघडी हवी. माझ्या कॅमेऱ्यात त्यासाठी वेग १/६० हवा होता. गडबडीत चकती १/१२५ वर सरकली, दुसरा पडदा आधीच निम्म्यावर आला आणि बाबा त्याच्याआड गेले.

‘‘मी तिथं होतो ना, मग झालं,’’ एवढंच ते म्हणाले. १९९५ साली ते गेले.

आताचे डिजिटल कॅमेरे बहुधा ही चूक होऊच देत नाहीत. तरी गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात, फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडे वळवून (उजेड चेहऱ्यांवर मऊ उतरतो), मी दर वेळी आधी आकडा पाहत होतो. बहीण कन्यादानाला बसली तेव्हा दोनदा पाहिला.