जव्हार : राजवाड्याबाहेरचा इतिहास

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारची ओळख हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट, दाभोसा धबधबा आणि जयविलास राजवाडा एवढ्यावर आटोपते. सुमारे दीड हजार फूट उंचीवरचे हे छोटे गाव पावसाळ्यात देखणे दिसते, यात वादच नाही. पण इथे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याने सहाशे वर्षे राज्य केले. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली आणि १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मधल्या काळात गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे बलाढ्य शेजारी बदलत गेले. मुलूख आक्रसला, खंडण्या भराव्या लागल्या, तरी गादी टिकली. आदिवासी म्हणजे इतिहासाच्या बाहेर राहिलेली माणसे, हा समज खोडून काढायला एवढा एक दाखला पुरेसा आहे. तरीही जव्हारचा खरा वारसा राजवाड्यापेक्षा भोवतालच्या नाचणी-वरईच्या उतारांवर अधिक सापडतो, असे माझे मत आहे.

या घराण्याच्या उदयाची जी कथा ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये नोंदली गेली, तीच पाहा. मूळपुरुषाने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढून घेतला. भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही हेच सांगतात. पुरावा म्हणून अशा फिरत्या कथेला किंमत नाही. आदिवासी माणूस राजा झाला तो युक्तीने, असा ग्रह मात्र ती सहज करून देते. कोलंबियाच्या पठारावरील मुइस्का लोकांचेही असेच झाले. १५३७ मध्ये स्पॅनिश फौजा तिथे पोचल्या आणि ग्वाताविता सरोवरातल्या सोन्याची दंतकथा जगभर पसरली. मका आणि बटाटा पिकवणारे, मिठाचा मोठा व्यापार करणारे ते शेतकरी त्या झगमगाटात दिसेनासे झाले.

जव्हारचे शेतकरी दिसायला हवेत. तालुक्यात दहापैकी नऊ माणसे आदिवासी आहेत : कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. रोपांच्या जागेवर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून पावसाआधी राब भाजायचा, भात खाचरात आणि नाचणी-वरई उतारावर लावायची, हे तंत्र धो-धो पाऊस आणि धुपणारी माती ओळखून घडलेले आहे. धान्य इथे कणसरी देवी आहे, आणि सुगीच्या दिवसांत दुधीभोपळा व बांबूपासून केलेल्या तारप्यावर पाडे नाचतात. हे सारे आजही चालू आहे, म्हणून राजवाड्याच्या दगडांपेक्षा त्याची साक्ष मला मोलाची वाटते.

राजा कोळी आणि प्रजेतले बहुसंख्य इतर जमातींचे, मग हे राज्य त्यांचे कसे, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. गादी आदिवासींची होती म्हणून कातकऱ्याला न्याय मिळालाच असेल, असे कोणी म्हणू नये. पण म्हणूनच घराण्याची वंशावळ म्हणजे गावाचा इतिहास नव्हे. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. १९९२-९३ मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली. जी शेती लेकरांना जगवू शकली नाही, तिचे गुणगान कशाला? मात्र हा दोष नाचणीच्या माथी मारता येत नाही. जमिनीचे तुकडे लहान, जंगलावर निर्बंध, दवाखाने दूर आणि चार महिने कोसळलेले पाणी डोंगर उतरून निघून जाते. उन्हाळ्यात विहिरी आटतात. दिवाळीनंतर हाताला काम नसते, म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुले शाळेतून उठतात आणि शेतीची जाण पुढच्या पिढीकडे पोचण्याचे वर्षही हुकते. पर्यटनाचा पैसा इथे येणार असेल, तर तो आधी पाड्यांजवळच्या बंधाऱ्यांत आणि तलावांत पडावा, म्हणजे रब्बीचे दुसरे पीक निघेल आणि स्थलांतर थोडे तरी थांबेल. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली काढणे हेही त्याच कामाचा भाग आहे.