एकच गिऱ्हाईक

सोयाबीनचा भाव पटला नाही तर लातूरच्या आडतीतून पोती घरी परत आणता येतात. उसाचं तसं नाही. तोडला की वजन घटायला लागतं, साखरेचा उताराही पडतो. म्हणून रेणापूर तालुक्यातल्या माझ्यासारख्याला भावाआधी तोडणीची टोळी कधी येते याचा घोर असतो.

उसाचं गिऱ्हाईक, म्हणजे कारखाने, इतके मोजके का, ते 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात सापडतं. दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतर हवं. महाराष्ट्राने ते 25 केलं. मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाची. कारखान्याला पुरेसा ऊस मिळावा हा हेतू रास्तच. पण शेतकऱ्याला पुरेसे कारखाने मिळावेत असं कलम मला त्यात दिसलं नाही. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीने 2012 मध्ये ही अंतराची अट काढायला सांगितलं होतं. ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची झोनबंदी उठली, ऊस कुठंही घाला म्हणतात. लांबचा कारखाना टोळी देईल तेव्हा ना! वाहतूक तर आपल्याच बिलातून कापतात.

त्याच आदेशात आपल्या बाजूचंही आहे. 2025-26 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यावर टनाला 3,550 रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर), त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पैसे 14 दिवसांत. उशीर झाला तर सालाला 15 टक्के व्याज. म्हणजे दोन लाखांचं बिल दोन महिने रखडलं तर पाच हजार. राज्याने फेब्रुवारी 2022 मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. शेतकरी नेते राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

व्याज मागतं कोण? आमच्या गावात एकाने मागितलं. पुढच्या हंगामात त्याच्या उसाला तुरे आले तरी टोळी फिरकली नाही. ‘मजूर कमी पडले,’ एवढंच उत्तर.

थकबाकी असेल तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात. मग जिल्हाधिकारी कारखान्याची साखर जप्त करून विकू शकतात. त्यासाठी नांदेडच्या प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे तक्रार करता येते. आमचा अर्ज आता सगळ्यांच्या नावाने जातो, आणि सह्या गोल करतो, पहिली कुणाची ते कळू नये म्हणून.