घरात मिळून मोठ्याने वाचणे : रमाबाईंच्या आईची पहाटेची शाळा



पालकसभेत एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पोरगं अजून अडखळतंय, घरी काय वाचून घेऊ?" माझं उत्तर असतं, त्याच्याकडून वाचून घेऊ नका. तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या. रोज पंधरा मिनिटं, मोठ्याने, घरातल्या सगळ्यांनी मिळून.

शाळेत आपण प्रकट वाचन घेतो, त्यापेक्षा हे वेगळं. तिथे मूल वाचतं आणि आपण चुका शोधतो. इथे मूल फक्त ऐकतं. दुसरीतलं मूल 'विद्यार्थ्यांच्या' या एका शब्दापाशी घाम गाळतं, पण तेच मूल आजीची अर्ध्या तासाची राजाराणीची गोष्ट धागा न सोडता ऐकतं. म्हणजे त्याची समज डोळ्यांपेक्षा कितीतरी पुढे असते. त्याला स्वतः वाचता येईल तेवढंच दिलं, तर 'बाबा आला, मामा गेला' यावरच त्याची भूक मारावी लागते.

शाळेत न घालता मुलांना घरीच शिकवणारी काही ख्रिस्ती कुटुंबं असतात. त्यांच्या दिवसात हे वाचन हमखास असतं. लहानमोठी भावंडं एकत्र बसतात, आई किंवा वडील बायबलमधला उतारा वाचतात, मग एखादं गोष्टीचं पुस्तक. हे परदेशातलं फॅड आहे असं वाटेल, पण आपल्या मराठी मुलखात याची मुळं फार जुनी आहेत.

पंडिता रमाबाईंचंच घर घ्या. जन्म 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला शिकवतो म्हणून उडुपीला पंडितांपुढे उभं राहून त्यांना आपली बाजू मांडावी लागली. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते फिरतच राहिलं. देवळात बसून पुराणं वाचायची, हाच चरितार्थ. रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून त्यांना आईने शिकवलं. पहाटे लेकीला लाडाने उठवायचं आणि तोंडी पाठ द्यायचा. शाळा नाही, फळा नाही. दिवसभर वडिलांचं पुराण कानावर पडायचंच. ही मुलगी 1878 साली कलकत्त्याला गेली तेव्हा तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

तेव्हा हे घर हिंदू होतं. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो 1883 मध्ये, इंग्लंडात. पण कानाने शिकण्याची सवय त्या विसरल्या नाहीत असं मला वाटतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, तेही नुकतंच वाचायला शिकलेल्या साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. 1922 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये निघालं. छापखाना चालवणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका. थोर पंडित असूनही मुद्दाम सोपं लिहायचं, हे आपण शिक्षकांनी मनावर घेण्यासारखं आहे.

त्याहून जुनं उदाहरण गोव्याचं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने 'ख्रिस्तपुराण' रचलं, मराठीत आणि तेही ओवीत. 1616 मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून येशूची कथा त्याच वळणाने सांगितली. ती चर्चमध्ये मोठ्याने वाचली जाई. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. तरी मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत हस्तलिखितं जपली गेली आणि 1907 मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी ते तिथे पुन्हा छापलं. ऐकायला लिहिलेलं पुस्तक घरांनी सांभाळलं, ते असं.

रेव्हरंड टिळकांचं घर तर सगळ्यांना माहीत आहेच. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई घरातच लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून गेल्या. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेलं. बालकवी ठोंबरे नगरला याच घरात राहिले होते.

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्या गडमुडशिंगीत मुलगीसुद्धा "मी येतो" म्हणते. त्यात चूक काही नाही, ती आपली कोल्हापुरी बोली. पण पुस्तकातली मुलगी "मी येते" म्हणते. हा फरक लाल शाईने शिकवायला गेलं की मूल बोलायचंच थांबतं. कानावरून रोज गेला की दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. जोडाक्षरी शब्दांचंही तेच. आधी दहा वेळा ऐकलेला शब्द छापलेला दिसला की मूल तो चटकन ओळखतं.

"आम्ही चौथी शिकलेलो, आम्हाला कुठं जमतंय?" असं पालक म्हणतात. जमतंय की! अडखळलात तर अडखळा, मागे जाऊन पुन्हा वाचा. मोठी माणसंही असंच वाचतात हे मुलाला त्यातून कळतं. वडील एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आणि आई गांधीनगरच्या दुकानात असेल, तर वाचायचं काम मोठ्या भावंडाला द्या. आजीला अक्षर येत नसलं तरी तिला बसवाच, कारण "मग पुढं काय झालं?" हा प्रश्न तीच खरा विचारते. धाकटं खेळत खेळत ऐकत असेल तर खेळू दे, त्याचा कान इकडेच असतो.

एक मात्र टाळा. वाचून झालं की "काय समजलं? तात्पर्य सांग" असं विचारू नका. तिथून परीक्षा सुरू होते. मुलाने शब्द विचारला तर घरच्या बोलीत अर्थ सांगा आणि पुढे चला. थांबायचं ते उत्सुकता ताणलेली असताना.

ख्रिस्ती घरात संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत शास्त्रपाठ असतोच. तिथे उधळ्या पुत्राची किंवा चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घ्या. त्या गोष्टी मुळात माणसांसमोर बोललेल्या, म्हणून जिभेवर छान बसतात. ज्या घरात श्रावणात पोथी लागते, तिथे मुलाला नुसतं हात जोडून बसवण्यापेक्षा चार ओळी वाचायला द्या. एरवी सगळ्यांसाठी 'श्यामची आई' आहे. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, 'रात्री' आहेत, त्यामुळे एका रात्री एक असं सरळ वाचता येतं. पहिलीच्या मुलापासून मात्र तिथे सुरुवात करू नका, काही रात्री फार जड आहेत. त्याच्यासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक बरं. ते 1971 पासून निघतंय, जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मोबाईल घरात आहेच, पण तो वाचणाऱ्याच्या हातात राहू द्या.