रक्ताचा दाब आणि आपण

साखर कारखान्यातल्या बॉयलरवर दाब दाखविणारे घड्याळ असते. काटा तांबड्या रेघेला टेकला की भट्टीवरचा कामगार हुकमाची वाट न पाहता आच कमी करतो. माणसाच्या अंगावर असे घड्याळ नाही. रक्तदाबाच्या विकाराचे सारे मर्म यातच आहे.

हृदय आकुंचन पावले की रक्त रोहिण्यांत जोराने लोटले जाते. त्या वेळचा दाब हा वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते, तेव्हा उरणारा दाब हा खालचा. पाऱ्याच्या १२० व ८० मिलिमीटरांच्या आसपासचा दाब निकोप समजतात. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक भरला, तर तो विकार होय. दंडाला पट्टा बांधण्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. नाडीचे आवाज ऐकून दोन्ही आकडे ओळखण्याची रीत रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये दाखविली. साधन जुने आहे. वानवा आहे ती दंड पुढे करणाऱ्यांची.

“डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग मला कसला दाब?” हा सवाल कामगारवस्तीत आम्हाला नेहमी ऐकू येतो. पण वाढलेला दाब बहुधा दुखत नाहीच. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने रोहिण्या ताठर करतो, हृदयावर जादा ओझे लादतो, मूत्रपिंडे व डोळ्यांचे पडदे खराब करतो. आणि एके दिवशी मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. कर्ता माणूस अर्धांगाने अंथरुणाला खिळला की पगार थांबतो, मुलाची शाळा सुटते. पगारवाढीचा लढा जिंकलेले घर असे आतून हरते.

उपाय आहेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले. आज त्याहून सोयीच्या गोळ्या निघाल्या आहेत. मात्र दाब उतरला म्हणून पुष्कळजण गोळी सोडतात. तो उतरला गोळीमुळे, हे विसरू नये. डॉक्टरांना विचारल्यावाचून ती बंद करू नये. लोणचे-पापड धरून मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे, तंबाखू व दारू टाळावी, रोज चालावे.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-बिडी घेऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. कारखान्याच्या दारातच ही तपासणी व्हावी, अशी आमची मागणी आहेच. पण ती मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दंड आपला आहे आणि दवाखाना जवळ आहे.