फ्यूज तिसऱ्यांदा उडाला!

विद्यार्थी मित्रांनो, गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी दोन विद्यार्थी गिटारचा ॲम्प्लिफायर उचलून प्रयोगशाळेत घेऊन आले. घामाघूम झाले होते बिचारे.

"सर, बटन दाबले की फ्यूज उडतो. तीन झाले. आता फ्यूजच्या जागी जाड तार घालू का?"

"मुळीच नको!" मी जवळजवळ ओरडलोच.

का बरे नको? फ्यूज उडणे हा रोग नव्हे. फ्यूज हा रोगाची बातमी आणणारा निरोप्या आहे. निरोप्याचे तोंड बंद केले, तर जादा प्रवाह तसाच वाहत राहील. मग फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल, कदाचित आगही लागेल.

आधी या पेटीत काय चालते ते पाहू. गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक असतात व त्यांच्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. तार छेडली की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पण हा दाब एका व्होल्टचा लहानसा अंश असतो. पेटीतील पहिला विभाग तो वाढवतो. शेवटच्या विभागातील दोन मोठे ट्रान्सिस्टर आळीपाळीने स्पीकरमध्ये प्रवाह ढकलतात व ओढतात. या सर्वांना वीज पुरवतात ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि दोन मोठे कंडेन्सर. आमच्या पेटीत हा पुरवठा अधिक २८ व उणे २८ व्होल्टचा होता.

आता दोष शोधायचा कसा? प्रत्येक वेळी एक फ्यूज जाळून? नाही. मी कपाटातून जुना ६० वॅटचा तारेचा दिवा काढला आणि तो ॲम्प्लिफायरशी एकसर जोडणीत जोडला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. पेटीत पूर्ण शॉर्ट असला तरी २३० व्होल्टवर या दिव्यातून ६० भागिले २३०, म्हणजे सुमारे ०.२६ ॲम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहणार नाही. पेटी चांगली असेल तर कंडेन्सर भरेपर्यंत दिवा क्षणभर उजळेल आणि मग मंद होईल.

बटन दाबले. दिवा लख्ख पेटला, तो पेटलेलाच राहिला!

वीज तोडली. पण लगेच आत हात घातला नाही. वीज तोडल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये विद्युतभार साठून राहतो. एका रोधकातून तो रिकामा केला, मीटरने खात्री केली. मग पुरवठा आणि शेवटचा विभाग यांमधील जोडणी सोडली व पुन्हा बटन दाबले. या वेळी दिवा मंद झाला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड व कंडेन्सर निर्दोष! एका चाचणीत अर्धी पेटी संशयातून सुटली, नाही का?

पुन्हा वीज तोडून मोठे ट्रान्सिस्टर बाहेर काढले. चांगल्या सिलिकॉन ट्रान्सिस्टरच्या बेस व एमिटरमध्ये मीटर एका दिशेने सुमारे ०.६ व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. कलेक्टर व एमिटरमध्ये तर दोन्ही दिशांना वाट बंद हवी. येथे दोन्ही ट्रान्सिस्टरमध्ये ती सताड उघडी होती.

"सर, नवे घेऊन येतो!" एक जण निघालाच.

"थांब. हे मेले कशाने, ते आधी सांग."

ट्रान्सिस्टर उगाच मरत नाही. आम्ही स्पीकरच्या वायरचा प्लग उघडला. तारेचा एक केसासारखा धागा सुटून दुसऱ्या टोकाला टेकत होता. वायर हलली की आठ ओहमच्या जागी जवळजवळ शून्य ओहम! ओहमचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच. रोध घटला की प्रवाह वाढतो. नुसते ट्रान्सिस्टर बदलले असते, तर तेही ऐन कार्यक्रमात गेले असते.

प्लगला नव्याने डाख दिला. मोठ्या ट्रान्सिस्टरच्या आसपासचे छोटे ट्रान्सिस्टर व रोधक तपासले. नवी जोडी बसवताना प्रत्येकाखाली अभ्रकाची पातळ चकती घातली. या ट्रान्सिस्टरचे धातूचे आवरण म्हणजेच कलेक्टर. अभ्रक उष्णता ॲल्युमिनियमच्या पत्र्याकडे जाऊ देते, पण वीज अडवते.

पुन्हा एकसर दिवा, पुन्हा बटन. दिवा उजळला आणि मंद झाला. तरी स्पीकर जोडला नाही. आधी स्पीकरच्या जागी किती व्होल्ट आहेत ते मोजले. तेथे जवळजवळ शून्य हवे. चुकून २८ व्होल्ट असते, तर स्पीकरच्या सुमारे सहा ओहम रोधाच्या वेटोळ्यात १३० वॅट उष्णता निर्माण होऊन ते करपले असते. मीटरने शून्याच्या अगदी जवळचा आकडा दाखवला. मग स्पीकर जोडला, आणि शेवटी दिवा काढून योग्य क्षमतेचा फ्यूज घातला. दुसऱ्या दिवशी गिटार वाजली, हे सांगायला नकोच.

मित्रांनो, घरातील विजेवर चालणारी पेटी तुम्ही मात्र स्वतः उघडू नका. ते काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. पण एक निर्धोक प्रयोग जरूर करा. कोठेही न जोडलेला, थंड असा ६० वॅटचा तारेचा दिवा घ्या आणि मीटरने त्याचा रोध मोजा. आता २३० चा वर्ग करून त्याला ६० ने भागा. उत्तर सुमारे ८८२ ओहम येईल. मीटर मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच दाखवेल. असे का? आणि तारेचे दिवे बहुधा बटन दाबतानाच का जातात? विचार करा पाहू!